बोरखेडीच्या वाटेवरचं अ‍ॅव्हरेज

आमच्या मोटारसायकलचं अ‍ॅव्हरेज माझ्या बायकोच्या वजनामुळे पडतं, असा निष्कर्ष आमच्या घरात एकदा रीतसर मोजमाप करून काढण्यात आला होता. बायकोचं वजन तेव्हा बेचाळीस किलो होतं. (आता किती आहे ते मी लिहिणार नाही. हे छापून आल्यावरही मला याच घरात जेवायचं आहे.)

गोष्ट पंच्याऐंशीच्या आसपासची. मी अंबडच्या कोर्टात कारकून होतो. लग्नाला वर्ष होत आलं होतं. शकूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, लग्नाआधीच मास्तरकीचं शिक्षण पूर्ण केलं होतं आणि त्या जूनमध्ये तिला बोरखेडीच्या शाळेत नोकरी लागली. बोरखेडी अंबडपासून चौदा किलोमीटर. एसटी होती, पण ती दुपारी बारा वाजता जायची आणि शाळा साडेदहाची. मग मी एक मोटारसायकल घेतली. सकाळी शकूला शाळेत सोडायचं, परत येऊन कोर्ट गाठायचं, संध्याकाळी पुन्हा जाऊन तिला आणायचं, असा दिवसाचा रतीब सुरू झाला.

आता आमचे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी मंठ्यापासून भोकरदनपर्यंत रानोमाळ जमीन मोजायची साखळी ओढली होती. बांधासाठी एकमेकांवर कुऱ्हाडी उचललेले भाऊ अण्णांची साखळी जमिनीवर पडली की मुकाट्यानं बाजूला होत. त्यामुळे मोजलं की खरं काय ते कळतं, यावर अण्णांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा ते घरात मोजायला लागले. माठात पाणी किती, पोत्यात ज्वारी किती, आईला विहिरीवरून यायला किती वेळ लागतो, सगळं. अशा माणसाच्या अंगणात मी पेट्रोलवर चालणारी वस्तू आणून उभी केली होती.

अण्णांनी पहिल्याच दिवशी वेळूची एक काडी तासली, तिच्यावर चाकूनं खुणा पाडल्या आणि रोज सकाळी देवपूजा झाली की ती टाकीत बुडवून बघायला सुरुवात केली. आठ दिवसांनी मला हाक आली.

"वसंता, गाडी किती देते म्हणला होता दुकानदार?"

"साठ, अण्णा."

"तीस देऊन राह्यली."

"रस्ता खराब आहे."

"तो रस्ता मी मोजलेला हे. इतका खराब न्हाई."

यावर मी पायाच्या अंगठ्यानं अंगण उकरत उभा राहिलो. अण्णा काडी पुसत म्हणाले, "हे असंच चाललं तर सूनबाईचा पगार टाकीतच जायचा. मंग नोकरी तरी कशापायी करायची? रोज चिखलात अन् धुळीत जिवाचे हाल. पोळ्यापर्यंत बघू. अ‍ॅव्हरेज बराबर आलं तर ठीक, न्हाई तर राजीनामा देऊन मोकळं होऊ दे तिला."

अण्णा वाईट माणूस नव्हते. आपण सुनेला त्रासातून सोडवतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला तो मला स्पष्ट ऐकू आला. शकूला ती शाळा किती आवडायची हे फक्त मला माहीत होतं. एका खोलीत दोन वर्ग, पावसात गळणारी कौलं, फळ्याचा रंग उडालेला, आणि या सगळ्याबद्दल ती असं बोलायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला एखादं संस्थान मिळालंय.

ती हे सगळं मला कधी सांगायची, तीच तर या गोष्टीतली खरी भानगड आहे. आता कबुली देतो.

आमचं घर तीन खोल्यांचं. अण्णांसमोर बायकोशी बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पाणी हवं असेल तर मी भिंतीकडे बघून म्हणायचो, "पाणी मिळेल का?" आणि भिंत पाणी आणून द्यायची. आमची खोली आणि अण्णांची खोली यांच्यामध्ये पत्र्याचं पार्टिशन होतं. मला शिंक आली तर पलीकडून अण्णा विचारायचे, "सर्दी झाली का रे?" अशा पत्र्याच्या आड नवरा-बायकोनं काय बोलायचं? लग्नानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मी माझ्या बायकोशी जेवढं बोललो, त्यापेक्षा जास्त मी कोर्टातल्या पट्टेवाल्याशी बोललो होतो.

आणि मग मोटारसायकल आली.

पहिल्या दिवशी अंबडची शेवटची घरं मागे पडली, दोन्ही बाजूला कापूस आणि ज्वारी सुरू झाली आणि माझ्या डाव्या कानाशी आवाज आला, "अहो, तुम्हाला कारल्याची भाजी खरंच आवडते का?" मी दचकून गाडी जवळजवळ ज्वारीत घातली. वर्षभर मी कारलं खात होतो ते तिला वाईट वाटू नये म्हणून. ती वर्षभर कारलं करत होती ते मी खातो म्हणून. त्या दिवशी बोरखेडी येईपर्यंत आम्ही कारल्यावरच बोललो, आणि मला आयुष्यात कुठल्याही विषयावर इतकं बोलावंसं वाटलेलं नव्हतं.

पण एक अडचण होती. चौथ्या गिअरमध्ये गाडी टाकली की वारा इतका यायचा की तिचं बोलणं मागे कापसातच सांडायचं. तिसऱ्या गिअरमध्ये दर वाक्यातले दोन शब्द हाती लागायचे. दुसऱ्या गिअरमध्ये मात्र सगळं ऐकू यायचं. ती हसली तर हसणंसुद्धा. मग मी काय करणार? मी दुसरा गिअर टाकला आणि तो काही पुन्हा वर गेला नाही. गाडी आपली घुं-घुं करत चालायची, सायकलवाले आम्हाला ओलांडून पुढे जायचे, मधे एकदा तर मेंढरांचा एक कळपही बाजूनं निघून गेला आणि मेंढपाळानं मागे वळून विचारलं, "पंक्चर हे का पाव्हणं?" चौदा किलोमीटरला पाऊण तास लागायचा. कापसाची पिवळी फुलं दिसायची, दूर कुठे इंजिनाचा पंप टकटक करायचा, आणि त्या सगळ्यातून आपण चालत नसून वाहत चाललोय असं मला वाटायचं. शकूला गाडीतलं काही कळत नव्हतं. तिला वाटायचं गाडीचा वेगच तेवढा आहे.

एकटा परत येताना मी अर्थातच सुसाट यायचो. कोर्ट गाठायचं असायचं.

म्हणजे अ‍ॅव्हरेज कुठे जात होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण वडिलांसमोर उभं राहून "अण्णा, मी बायकोशी गप्पा मारता याव्यात म्हणून गाडी हळू चालवतो" असं म्हणायचं? आमच्या घराण्यात असं वाक्य कुणी उच्चारलेलं नव्हतं. मी गप्प बसलो. आणि अण्णांनी पाना हातात घेतला.

मेकॅनिकचं नाव काढायची सोय नव्हती. "घरचं काम घरीच व्हायला पाहिजे," अण्णा म्हणाले. दर रविवारी अंगणात पोतं अंथरून गाडीची तपासणी सुरू झाली. पहिल्या रविवारी प्लग काढून काचपेपरनं इतका घासला की तो चांदीच्या निरांजनासारखा दिसायला लागला. दुसऱ्या रविवारी कार्बोरेटर उघडला. त्याच्या आत इतक्या बारीक वस्तू असतील याची अण्णांना कल्पना नव्हती. त्यांनी प्रत्येक वस्तूची लांबी-रुंदी मोजून ती क्रमानं परातीत मांडली. मग आईला भाकरी थापायला परात हवी होती म्हणून तिनं सगळं एका वाटीत ओतलं. संध्याकाळपर्यंत अण्णांनी तो परत जोडला, पण एक स्प्रिंग उरली.

"ही कुठली?" मी विचारलं.

"कंपनीनं जास्तीची दिली असंल," अण्णा म्हणाले, आणि स्प्रिंग देवघरात ठेवली. सोमवारी गाडी सुरू झाली, पण बंद होईना. शेवटी मी कोर्टाच्या आवारात ती एका लिंबाला टेकवून धरली आणि गुदमरून थांबेपर्यंत बसून राहिलो. न्यायाधीश साहेब खिडकीतून बघत होते. स्प्रिंग त्याच संध्याकाळी देवघरातून गाडीत गेली.

तिसऱ्या रविवारी एअर फिल्टर. तो स्पंजाचा होता आणि धुळीनं काळा पडला होता. अण्णा म्हणाले, "हे बघ, गाडीचं नाकच चोंदलंय. अ‍ॅव्हरेज कुठून येणार?" त्यांनी तो आईकडे धुवायला दिला. आईनं तो अण्णांच्या धोतरांबरोबर धुतला, आणि धोतरांबरोबर धुतला म्हणून धोतरांसारखी खळही केली. उन्हात वाळवून तिनं माझ्या हातात दिला तेव्हा तो कडक पापडासारखा वाजत होता. पण आई इतक्या कौतुकानं म्हणाली, "बघ कसा करकरीत झालाय," की मी तो तसाच बसवला. त्या सोमवारी गाडी दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी खोकत खोकत गेली आणि पाऊण तासाची वाट सव्वा तासाची झाली. (मला मनातल्या मनात फार वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. त्या अर्ध्या तासात शकूनं मला तिच्या लहानपणीची एक लांबलचक गोष्ट सांगितली.)

चौथ्या रविवारी अण्णांनी गाडीच्या साखळीला तेल दिलं. घरात करडीचं होतं, तेच दिलं. साखळी गरम झाली की तळणाचा वास सुटायचा. बोरखेडीच्या वेशीपासून शाळेपर्यंत सहा-सात कुत्री आमच्यामागे यायची, भुंकायची नाहीत, नुसती आशेनं यायची. शकूच्या साडीच्या काठाला तेल लागलं ते वेगळंच.

आणि अण्णांची काडी रोज तीसच सांगत होती.

श्रावण निम्मा सरला तेव्हा मला राहवेना. मी शेजारच्या गल्लीतल्या रहीमभाईंना गुपचूप बोलावलं. ते ट्रॅक्टरपासून शिवणयंत्रापर्यंत सगळं दुरुस्त करायचे. अण्णा देवळात गेलेले बघून ते आले, गाडी सुरू केली, डोळे मिटून आवाज ऐकला, खळीचा फिल्टर बघून "या अल्ला" म्हणाले, तो फेकून दुसरा बसवला, आणि मग गाडीवर एक चक्कर मारून आले.

"गाडी बिलकुल बराबर हे," ते म्हणाले. "पर एक बात सांगा भाऊ. हिचा चौथा गेर नवाच्या नवा हे. कंपनीतून आला तसा. तुम्ही टाकता का न्हाई कधी?"

मी गाडीची सीट पुसायला लागलो. तेवढ्यात शकू चहा घेऊन बाहेर आली आणि आत गेली. रहीमभाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा बशीत ओतला.

"समजलं," ते म्हणाले. "याला पाना लागत न्हाई." आणि हसत निघून गेले. अण्णांना त्यांनी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही, हे त्यांचे माझ्यावरचे उपकार.

मी दर सोमवारी ठरवायचो की आज चौथा गिअर. शकूची शाळा वाचवायची असेल तर गप्पा सोडायला हव्यात, एवढं साधं होतं. नाल्यापर्यंत मी चौथ्यात जायचोही. मग मागून आवाज यायचा, "अहो, काल काय झालं माहितीये का?" आणि माझा डावा पाय मला न विचारता गिअर खाली आणायचा.

पोळ्याला आठ दिवस उरले तेव्हा अण्णांनी शेवटचा उपाय काढला. "आता अंदाज पुरे. समक्ष मोजणी करू," ते म्हणाले. रविवारी त्यांनी टाकी पूर्ण रिकामी केली, दुधाच्या मापानं बरोबर एक लिटर पेट्रोल घातलं (ते माप आईनं पुन्हा घरात घेतलं नाही), धोतर खोचलं आणि स्वतः माझ्या मागे बसले. छत्री आडवी धरली. "चल," म्हणाले. यानंतर गाडी बंद पडेपर्यंत त्यांनी एक शब्द काढला नाही.

आणि मला तरी अण्णांशी काय बोलायचं होतं? मी चौथा गिअर टाकला. बोरखेडी आली कधी आणि गेली कधी कळलं नाही. तिथून परत, पुन्हा बोरखेडी, पुन्हा परत. कुत्र्यांनीही पहिल्यांदाच हार मानली. शेवटी तिसऱ्या खेपेला गावाबाहेर एका किलोमीटरवर गाडीनं आचके दिले आणि ती थांबली. सत्तावन्न किलोमीटर झाले होते. अण्णा उतरले. घामेजलेल्या तोंडानं ते गाडीकडे इतक्या प्रेमानं बघत होते की मला त्यांच्याकडे बघवेना. सत्तर वर्षांचा माणूस, दोन महिने दर रविवारी हात काळे करत होता. त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी गाडी ढकलायला लागलो.

"आता सूनबाईची मोजणी," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामी टाकी, पुन्हा एक लिटर, आणि जोडीला वाटेत लागली तर म्हणून एक बाटली. मी दात-ओठ आवळून चौथ्या गिअरमध्ये निघालो. आज जग इकडचं तिकडं झालं तरी पाय हलवायचा नाही, असं मी गाडीच्या टाकीवर हात ठेवून ठरवलं होतं. शकूही गप्प होती. नाला गेला, पहिला कापूस गेला. मग मागून तिचा आवाज आला. वाऱ्यात तो फाटून आला, पण मला त्यातले "शेवटचे" आणि "मुलांना" एवढे दोन शब्द कळले.

"काय म्हणालीस?"

तिनं काहीतरी सांगितलं. ते कापसात गेलं. मी तिसरा टाकला. मग दुसरा.

"म्हटलं, शेवटचे सात-आठ दिवस उरलेत, मुलांना आजच सांगू का? पोळ्यानंतर बाई येणार नाहीत म्हणून?"

ती रडत नव्हती. ती मुलांबद्दल सांगत होती. वर्गातली एक मुलगी जूनपासून तोंड उघडत नव्हती, आणि शनिवारी तिनं उभं राहून सातचा पाढा म्हटला. मधे अडकली, पण बसली नाही. एवढं सांगून शकू म्हणाली, "मला तिचा आठचा ऐकायचा होता." ऊन कोवळं होतं, दोन्हीकडे पिकं स्तब्ध उभी होती, आणि मी गाडी इतकी हळू चालवत होतो की तिचा तोल जाईल अशी भीती वाटत होती. असं बोलणं कुणी चौथ्या गिअरमध्ये ऐकतं का? मला नाही जमलं.

गाडी तिसाव्या किलोमीटरला बंद पडली. संध्याकाळी अण्णांनी आकडा ऐकून कालच्या आकड्याखाली मांडला. मग म्हणाले, "मी बसलो तर सत्तावन्न. सूनबाई बसली तर तीस. फरक मागं बसणाऱ्याचा हे."

वाद घालता येईना, कारण ते शंभर टक्के खरं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला आणि कोर्टालाही सुट्टी होती. अण्णा शकूला, आईला आणि मला घेऊन मोंढ्यात गेले. तिथे ओळखीच्या आडत दुकानात पोती मोजायचा मोठा काटा होता. हमालांनी हरभऱ्याचं पोतं खाली घेतलं आणि त्या जागी आधी अण्णा उभे राहिले. एकाहत्तर किलो. मग डोक्यावरचा पदर घट्ट धरून शकू उभी राहिली. बेचाळीस.

अण्णांनी काटा दोनदा हलवून बघितला. "बराबर हे का हा?"

"अण्णा, याच्यावरच सारा मोंढा चालतो," हमाल म्हणाला.

"मग ही इतकी हलकी पोरगी गाडीला जड जातीच कशी? मी मागं बसलो तर वीस मिनिटांत बोरखेडी आल्ती!"

शकू अजून काट्यावरच उभी होती. तिनं हळूच विचारलं, "वीस मिनिटांत?"

"मोजून वीस."

तिनं माझ्याकडे बघितलं. ती गणित शिकवायची. चौदा किलोमीटर, वीस मिनिटं, पाऊण तास, हे सगळं तिच्या डोळ्यांत जागच्या जागी बसताना मला दिसलं. मी अत्यंत लक्षपूर्वक हरभऱ्याचं पोतं बघू लागलो.

घरी येताना ती आईचा हात धरून माझ्या चार पावलं पुढे चालली. अण्णांना मात्र वाटेत नवीन कारण सुचलं होतं. ती एका बाजूला बसते, पदर उडतो, पदरात वारा भरतो आणि गाडी मागे ओढली जाते. अंगणात आल्याबरोबर त्यांनी टेप काढली. "सूनबाई, पदर धर बरं. किती फूट भरतो ते बघू."

"मामंजी, पदर मोजू नका," शकू म्हणाली. आवाज मऊच होता, पण आई दारातच थांबली. "मला शाळेत न्यायला हे पाऊण तास लावतात. का लावतात ते ह्यांना विचारा." आणि मग आमच्या घरात जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. अण्णांच्या देखत ती थेट माझ्याकडे वळली. "माझी शाळा हातातून चालली होती आणि तुम्ही बघत बसलात. मला वाटलं गाडीच तशी आहे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "पाऊण तास? गेर अडकतो का?"

"नाही."

"मंग?"

"दुसऱ्यातच चालवतो. चौथ्यात ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत न्हाई?"

मी गाडीच्या चाकाकडे बघून म्हणालो, "ही बोलते ते."

अण्णांच्या हातातली टेप सर्रकन डबीत गेली. ते पोत्यावर, आपल्या नेहमीच्या जागेवर बसले. "दोन महिने मी कारब्रेटर उघडून राह्यलो," ते म्हणाले.

"हो अण्णा."

"अन् तुला माहीत होतं."

"हो. लाज वाटली."

त्यांनी टेपची डबी पोत्यावर ठेवली. मग खऱ्याखुऱ्या नवलानं म्हणाले, "पर इतकं बोलायला असतं तरी काय रे?"

उत्तर दारातून आलं. आई म्हणाली, "तुम्हाला न्हाई कळायचं. लग्न करून मी पिंपळगाव रेणुकाईहून इथं आल्ते ती बैलगाडीनं. वाटेत दोन मुक्काम झाले. बैल तर ह्याच्या दुसऱ्या गेरापेक्षा हळू चालत होते. तुम्ही मला एक शब्द बोलला न्हाईत. रस्ताभर बांध मोजत आले."

आई एवढं बोलून आत गेली. अण्णांनी मान खाली घातली. मोजणी खात्यातल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी साखळी लावली होती. मग त्यांनी वेळूची काडी उचलली आणि न्हाणीच्या छपरावर टाकून दिली. "राजीनाम्याचं आता काढायचं न्हाई," ते शकूला म्हणाले. "शाळा चालू ठेव. अन् वसंता, बोलायचं असंल तर संध्याकाळी अर्धा तास दोघं गच्चीवर बसत जा. आम्ही कुणी वर येणार न्हाई. तिथं पेट्रोल लागत न्हाई."

आत जाऊन शकूनं कणीक मळायला घेतली. ती माझ्यावर रागावलेलीच होती, पण कणीक मळताना गुणगुणत होती, आणि मला इतकं बरं वाटलं की मी कुणालाही न विचारता माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेतलं.

त्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. सरकारी मंजुरी मिळालेली, आईनं चटई टाकलेली, चहाचे दोन कप भरून दिलेले. अंबडवर संधिप्रकाश पसरला होता, घराघरांतून चुलीचा धूर वर येत होता. आम्ही समोरासमोर बसलो. मी म्हणालो, "वारा छान आहे." ती म्हणाली, "हो." पुढची अठ्ठावीस मिनिटं आम्ही धुराकडे बघत काढली. खालून अण्णांचा आवाज आला, "झालं का बोलून?" मी म्हणालो, "झालं, अण्णा." दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही तेच. समोर तोंड दिसत असताना आम्हा दोघांनाही बोलायला सुचत नव्हतं. सकाळी मात्र अंबडची शेवटची घरं गेली की माझ्या कानाशी आवाज यायचा, "काल वर बसलो होतो तेव्हा एक सांगायचं राहिलंच."

चौथ्या संध्याकाळी आम्ही जिना चढलो तर वर चटई रिकामी नव्हती. अण्णा आणि आई बसले होते. आई हातवारे करत माहेरच्या कुणाबद्दल काहीतरी सांगत होती, आणि अण्णा, मोजायला काहीही हातात न घेता, ऐकत होते. आम्ही चपला हातात घेऊन आवाज न करता खाली आलो. ती जागा पुन्हा आम्हाला मिळाली नाही, आणि आम्ही मागितलीही नाही.

गाडी पुढे बारा वर्षं चालली आणि शेवटपर्यंत तीसच देत राहिली. अण्णांनी तिला पुन्हा पाना लावला नाही. बिघाड कशात आहे ते आता घरात सगळ्यांना कळलं होतं, पण तो भाग बाजारात बदलून मिळण्यासारखा नव्हता. तो कोर्टात कारकून होता.